आठ बाय चारचा सीएनसी राउटर घरी बांधता येतो का? बाहेरून काय मागवायचं आणि इथे काय बनवून घ्यायचं?

रील तुम्हीही पाहिली असेल. कुठल्यातरी शेडमध्ये एक लोखंडी टेबल, त्यावर प्लायची अख्खी शीट, आणि वर इकडून तिकडे पळणारं एक धूड. बघता बघता शीटमधून देवघराची जाळी कोरून बाहेर. (रील फास्ट फॉरवर्ड असते, हे वेगळं सांगायला नको.) खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न, "भाऊ, कितीला पडलं?" आणि भाऊंचं उत्तर, "घरीच बनवलंय."

तर विषय असा आहे, की भाऊ बहुतेक वेळा खरं बोलत असतात. हे मशीन घरी बांधता येतं. पण लहान मशीन बांधणं आणि आठ बाय चारचं बांधणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे माहीत नसलं की पैसे बुडतात.

आधी मुळात सीएनसी म्हणजे काय ते बघू. कटर कुठे जाणार, किती खोल जाणार, किती वेगाने जाणार, हे माणसाच्या हातावर न सोडता आकड्यांनी सांगायचं. ही कल्पना अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांची. त्यांना हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती अचूक बनवायची होती. पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांसमोर चालवून दाखवलं. तेव्हा त्याचं कंट्रोल कपाटाएवढं होतं. आज तेच काम अर्डुइनोच्या हातभर लांबीच्याही नसलेल्या बोर्डावर होतं, कारण २००९ मध्ये जीआरबीएल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलं. म्हणजे मशीनचा 'मेंदू' आता स्वस्त झालाय. महाग आहे ते त्याचं हाडकं-स्नायूंचं काम.

मशीन मोठं झालं की नेमकं काय बिघडतं?

दोन बाजूंच्या रुळांवर जो आडवा पूल पळतो, त्याला गॅन्ट्री म्हणतात. त्यावर स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, बसते. आता साधं गणित आहे. दोन टोकांना टेकवलेल्या पाईपच्या मधोमध वजन ठेवलं, तर तो जेवढा वाकतो ते लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट केली की झोल दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणूनच दोन फुटांच्या मशीनवर मस्त चाललेलं डिझाइन 'फक्त मोठं करून' बांधलं, की कटर लाकडात थरथरतो आणि कापलेल्या कडेवर लाटा उमटतात. हे सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. पाईप मोठ्या सेक्शनचा घ्यावा लागतो, आणि त्याची उंची वाढवणं हे जाडी वाढवण्यापेक्षा जास्त कामाला येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मशीन पळवायचं कशाने. छोट्या मशीनमध्ये बॉल स्क्रू असतो. स्क्रू फिरला की नट पुढे सरकतो. अनेक जण अडीच मीटरच्या लांब बाजूलाही तोच १६०५ स्क्रू लावतात, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचा आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेणारा. पण लांब आणि बारीक स्क्रू वेगात फिरवला की दोरीच्या उडीसारखा झोके घेऊ लागतो. अडीच मीटरला हा स्क्रू मिनिटाला साधारण ३०० फेऱ्यांपर्यंतच सुरक्षित फिरतो. ३०० गुणिले ५, म्हणजे मिनिटाला दीड मीटर.

आता तुम्ही म्हणाल, दीड मीटर तर दीड मीटर, आपल्याला कुठे घाई आहे? घाईचा प्रश्नच नाही. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेतो. कटरला दोन धारा असतील तर मिनिटाला ३६,००० वेळा धार लाकडाला लागते. दीड मीटरच्या वेगात प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०४ मिलिमीटर लाकूड येतं. एवढ्यात धार कापत नाही, घासते. लाकूड काळं पडतं, वास येतो, कटर बोथट होतो. सहा मिलिमीटरच्या कटरला प्रत्येक धारेमागे ०.१५ मिलिमीटरच्या आसपास मिळावं असं धरलं, तर वेग मिनिटाला ५.४ मीटर हवा. म्हणून मोठ्या मशीनच्या लांब बाजूला रॅक आणि पिनियन लावतात. दातांची सरळ पट्टी, आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक. दीड मॉड्यूलचं २० दातांचं पिनियन एका फेऱ्यात ९४ मिलिमीटर पळतं. मध्ये एकास पाच गिअर किंवा बेल्टची पुली टाकली की जवळपास १९ मिलिमीटर. दहा मायक्रोस्टेप ठेवले तर एका पल्सला ०.००९४ मिलिमीटर, म्हणजे लाकडासाठी पुरेसं बारीक आणि वेगही भरपूर.

रॅक साधारण एकेक मीटरच्या तुकड्यांत येतो. जोडाच्या ठिकाणी दातांचं अंतर चुकू नये म्हणून एक जुनी युक्ती आहे. तिसरा तुकडा उलटा करून त्याचे दात जोडावर बसवायचे, क्लॅम्प करायचं, आणि मगच बोल्ट आवळायचे.

बाहेरून काय, इथून काय?

फ्रेम बाहेरून मागवायचा प्रश्नच येत नाही. चौकोनी पाईप आणि चॅनेल कुठल्याही स्टीलच्या दुकानात मिळतं, आणि फॅब्रिकेटर प्रत्येक तालुक्याला आहे. पण गेट बनवणारा फॅब्रिकेटर आणि मशीनची फ्रेम बनवणारा, यात फरक आहे. वेल्डिंग मारलं की पाईप ओढला जातो. गेटमध्ये एक सूत इकडे-तिकडे झालं तर कोणी विचारत नाही. इथे रुळ बसायची जागा अडीच मीटरभर एका रेषेत लागते. यावर आपल्याकडे एक सोय आहे, जी रीलमध्ये सहसा दिसत नाही. भोसरी, शिरोली अशा एमआयडीसींमध्ये जॉबवर्कवर प्लॅनो मिलिंग करून देणारे लोक आहेत. वेल्डिंग झालेली अख्खी फ्रेम टेम्पोत टाकून न्यायची, रुळ बसायच्या दोन्ही पट्ट्या एका सेटिंगमध्ये मिल करून आणायच्या. ज्यांच्या जवळ ही सोय नाही ते पातळ इपॉक्सी ओतून ती स्वतःहून सपाट पातळीवर स्थिरावू देतात. तेही चालतं, पण वेळखाऊ आहे. माझं मत विचाराल तर पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, प्लॅनोवर नको.

मोटरच्या प्लेट, ब्रॅकेट, गॅन्ट्रीच्या बाजूच्या जाड प्लेट हे सगळं लेझर कटिंगवाल्याकडे ड्रॉइंगची फाइल देऊन कापून मिळतं. कंट्रोल पॅनेल, वायर, एमसीबी, कॉन्टॅक्टर इथलेच घ्यावेत. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि हार्डवेअर-बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट, ही जुनी ठिकाणं अजूनही उपयोगी आहेत.

उरतं काय? लिनिअर रुळ आणि त्यावरचे ब्लॉक, स्पिंडल, व्हीएफडी आणि मोटर. हे बहुतेक चीन किंवा तैवानमधून येतं. २० मिलिमीटरचे जे रुळ सगळे वापरतात, त्यांचा आकार तैवानच्या हायविन कंपनीच्या 'एचजी' मालिकेचा. बाजारात त्याच मापाचे बिननावाचेही ढीगभर मिळतात. मोटर म्हणून नेमा ३४ लावतात. ३४ म्हणजे पुढची प्लेट ३.४ इंच, ताकदीचा आकडा नव्हे. यात जमलं तर क्लोज्ड लूप मोटर घ्या. साध्या स्टेपरला अडथळा आला आणि तो दोन पावलं चुकला तर त्याला पत्ताच नसतो, तो पुढे चुकीच्याच जागी कापत जातो. क्लोज्ड लूपला चूक कळते, आणि तो थांबतो.

पूर्वी लोक हे सगळं अलीएक्सप्रेसवरून मागवायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ४३ ॲपवर बंदी घातली त्यात ते गेलं. आता थेट सप्लायरकडून किंवा इथल्या डीलरकडून घेतात. थेट मागवणार असाल तर कस्टमचा हिशोब आधी करा. ड्युटी फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून लागते. उदाहरणापुरतं बघा. भाडं-विम्यासकट माल १०० रुपयांचा, मूळ ड्युटी ७.५ टक्के आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार धरला, तर झाले १०८.२५. त्यावर १८ टक्के आयजीएसटी. हातात पडेपर्यंत १२७ रुपये ७४ पैसे. वर क्लिअरिंगवाल्याचे पैसे वेगळे. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून मागवायच्या आदल्या आठवड्यात तपासायचे. वस्तू धंद्यासाठी असेल तर आयईसी नंबर लागतो, तो ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो.

खरी अडचण लांबीची आहे. अडीच-तीन मीटरचा रुळ कुरिअरने धड येत नाही, जहाजाने मागवला तर दोन रुळांसाठी बंदरावरचे खर्च भारी पडतात, आणि वाटेत वाकला तर परत कोण घेणार? म्हणून साधा नियम ठेवा. लांब ते इथल्या डीलरकडून, हाताने बघून; लहान आणि जड किमतीचं ते हवं तर बाहेरून. आणि स्पिंडलचा डीलर तर जवळचाच बरा. तो जळतो.

स्पिंडल जळतो म्हणजे कसा?

सगळ्यात जास्त वापरला जाणारा स्पिंडल २.२ किलोवॉटचा, पाण्याने थंड होणारा, २४,००० फेऱ्यांचा. एवढे फेरे यायला त्याला ४०० हर्ट्झची वीज लागते. आपल्या घरात ५० हर्ट्झ येते. मधलं काम व्हीएफडी करतो. गोम अशी, की नवीन व्हीएफडी अनेकदा ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी सेट करून येतो. म्हणजे तो ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट देतो. स्पिंडलला ते २२० व्होल्ट ४०० हर्ट्झला हवे असतात. सेटिंग न बदलता बटण दाबलं, की वाइंडिंगमधून बेसुमार करंट जातो आणि नवा कोरा स्पिंडल थोड्या वेळात धूर सोडतो. तेव्हा वायर जोडण्याआधी मॅन्युअल उघडून बेस फ्रिक्वेन्सी आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही ४०० करा. पाण्यासाठी कूलरचा पंप आणि बादली चालते. फक्त पंप बंद पडला तर स्पिंडलही थांबेल अशी सोय करा, फ्लो स्विच फार महाग नसतो.

स्पिंडल, मोटर, पंप आणि भुसा ओढणारा दीड किलोवॉटचा ब्लोअर मिळून साडेचार-पाच किलोवॉट होतात. सिंगल फेजवर वीस अँपिअरच्या वर. त्यामुळे मिक्सरच्या बोर्डातून वायर ओढायची नाही. मेन बोर्डापासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. अर्थिंग कच्चं असेल तर फ्रेमला हात लावल्यावर झटका बसू शकतो. शिवाय व्हीएफडीचा 'आवाज' लिमिट स्विचच्या वायरीत शिरतो आणि मशीन कारण नसताना मध्येच थांबतं. स्पिंडलची केबल शिल्डेड घ्या आणि सिग्नलच्या वायरींपासून लांब ठेवा. इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरला विनंती करणारं नको, कॉन्टॅक्टर पाडून थेट वीज तोडणारं हवं.

छंद म्हणून चालवताय तोवर ठीक. पण घरगुती मीटरवर ऑर्डरी घेऊ लागलात, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि तसा ठरला तर आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शेजाऱ्याशी भांडण झालं की पहिली तक्रार याचीच होते, आणि भांडण होणारच, कारण मशीन आणि ब्लोअर मिळून आवाज मोठा करतात.

भुशाकडे लोक हसून बघतात. लाकडाची धूळ ही माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती तिथे टाकली आहे. एमडीएफची धूळ तर पिठासारखी बारीक, वर त्यात डिंकातलं फॉर्मल्डिहाइड. ब्लोअर आणि मास्क आधी, कोरीवकाम नंतर.

सॉफ्टवेअरमध्ये फार अडकू नका. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर चालतो. पेन ड्राइव्ह लावला की झालं, कॉम्प्युटर धुळीत ठेवावा लागत नाही. शिकायची हौस असेल तर लिनक्ससीएनसी फुकट आहे. डिझाइनसाठी अनेक जण अजून आर्टकॅमवरच आहेत, जरी ऑटोडेस्कने ते २०१८ मध्येच बंद केलंय.

आणि कमेंटमधला तो प्रश्न, कितीला पडलं? तयार मशीन काही लाखांत मिळतं, आणि घरचं त्याहून स्वस्त पडतं, पण तुम्ही घातलेले महिने फुकट धरले तरच. ऑर्डर हातात असेल आणि पुढच्या महिन्यात माल द्यायचा असेल, तर बांधत बसू नका, विकत घ्या. ज्याला बिघडलं की स्वतः उघडता यायला हवंय, त्याने बांधावं.

बांधून झालं की मशीन गुण्यात आहे का ते बघायचं. त्यासाठी गुण्या लावून भागत नाही. मशीनलाच १२२० बाय २४४० च्या चार कोपऱ्यांवर चार भोकं पाडायला लावा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही २७२८ मिलिमीटर यायला हवेत. एक कर्ण दोन मिलिमीटरने मोठा निघाला, तर गॅन्ट्रीची एक बाजू १.१ मिलिमीटरच्या आसपास पुढे आहे असं समजायचं. दोन्ही बाजूंना वेगळी मोटर आणि वेगळा होम स्विच असेल तर एक स्विच तेवढा सरकवून ते निघतं. मोजमाप सकाळी केलंत तर दुपारचं पुन्हा करून बघा. पंधरा अंशांच्या फरकाने अडीच मीटर लोखंड जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतं.

मग टेबलावर एमडीएफची शीट स्क्रूने बसवायची आणि मोठ्या कटरने मशीनकडूनच तिचा वरचा थर उडवून घ्यायचा, म्हणजे टेबल स्पिंडलला बरोबर समांतर होतं. स्क्रूची डोकी खोल गेलीत ना, ते आधी बघा. पावसाळ्यात हीच शीट ओल धरून फुगते, तेव्हा दसऱ्याच्या सुमाराला तो थर पुन्हा एकदा उडवावा लागतो.