आधी बजेट की आधी पाणी?

‘आधी आर्थिक प्रश्न सोडवू, जातीचं नंतर बघू’, हा सल्ला आम्हाला डावेही देतात आणि उजवेही. त्यांनी १९२७ चा मार्च महिना नीट वाचावा.

१२ मार्चला बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हा हिशोब त्यांनी सभागृहात मांडला. आठच दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले.

आम्ही यांना दोन वेगळे लढे मानत नाही. सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा ठराव आठवा. सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले, असे त्यात होते. म्हणजे हक्काचा आधारच तिजोरी होता! महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले, अर्थात कागदावर. आमचा पैसा विटाळत नव्हता, हात मात्र विटाळत होता.

सत्याग्रहानंतर नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला. सवर्ण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.