मेंढा (लेखा) : लोकसंख्या व दळणवळण

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील, धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे गाव. लेखा या शेजारच्या गावावरून ते ‘लेखा-मेंढा’ या जोडनावाने अधिक परिचित असून लहान लोकसंख्या, जंगल आणि दळणवळण यांच्या परस्परसंबंधाच्या अभ्यासात त्याला विशेष महत्त्व आहे.

गावाची वस्ती सुमारे ५०० असून ती जवळजवळ सर्व गोंडांची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौ. किमी.ला ७४ माणसे राहतात, तर राज्याची सरासरी ३६५ आहे. जिल्ह्याचा बहुतांश भूभाग वनाच्छादित असल्याने येथील गावे लहान आणि एकमेकांपासून दूर आहेत. जनगणनेत महसुली गाव हे एकक धरले जाते, त्यामुळे मूळ गावापासून तुटून वसलेला टोला, म्हणजे छोटी वस्ती, गावाच्याच आकड्यात मिसळून जातो. याउलट २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वस्ती हे एकक मानले आणि बारमाही रस्त्यासाठी सपाट प्रदेशात किमान ५००, तर डोंगराळ व आदिवासी भागांत किमान २५० लोकसंख्येची अट घातली. ही सवलत न्याय्यच होती. तरीही त्याहून लहान टोले या अटीत बसत नव्हते, आणि आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत नेण्याची अडचण तेथेच सर्वांत बिकट असते.

कमी लोकसंख्येमुळे मेंढ्याला दीर्घकाळ स्वतंत्र ग्रामपंचायत नव्हती; अनेक गावांची मिळून होणाऱ्या गट ग्रामपंचायतीत त्याचा समावेश होता. परंतु प्रत्येक घरातील माणसे एकत्र बसून सर्वसहमतीने निर्णय घेऊ शकतील इतके हे गाव आटोपशीर असल्यामुळेच येथील ग्रामसभा बलवान झाली. गावातील नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचा ही ग्रामसभा घडवण्यात मोठा वाटा आहे.

दळणवळणाच्या दृष्टीने मेंढा दुर्गम म्हणता येत नाही. ते गडचिरोली–धानोरा मार्गावर, गडचिरोलीपासून सुमारे ३० किमी. अंतरावर असून धानोरा हे तालुक्याचे ठिकाण तेथून अगदी जवळ आहे. हाच मार्ग पुढे मुरूमगाववरून छत्तीसगडकडे जातो. याच जिल्ह्यात, दक्षिणेकडील भामरागडचा संपर्क मात्र पर्लकोटा नदीच्या पुरामुळे अनेक पावसाळ्यांत तुटत आला आहे. रेल्वेसाठी गोंदिया–बल्लारपूर मार्गावरील वडसा (देसाईगंज) गाठावे लागत असल्याने वडसा–गडचिरोली हा ५२ किमी.चा लोहमार्ग आखण्यात आला.

दाराशी रस्ता असूनही गावाचा माल त्यावरून नेता येत नव्हता, ही मेंढ्याच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद बाब होय. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि या कायद्याने बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारे उत्पादन, मानले होते. तथापि वनोपज जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना (व्यवहारात ‘टीपी’) वनखात्याच्याच हाती राहिला. परवान्याविना बांबू बाहेर नेणे म्हणजे गुन्हा ठरत असल्याने कोणी व्यापारी तो विकत घेण्यास धजत नसे. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात, अशी ही कोंडी २७ एप्रिल २०११ रोजी फुटली; त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्यानंतर ग्रामसभेने बांबूची कटाई व विक्री स्वतः हाती घेतली. गौण वनोपजाचे परवाने ग्रामसभेने नेमलेल्या समितीने अथवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीने द्यावेत, अशी तरतूद २०१२ मध्ये या कायद्याच्या नियमांत सर्व देशासाठी करण्यात आली.