दर महिन्याचे २०० रुपये आणि गावाकडचा रस्ता

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचा पैसा आणि बहुतेकांचं गाव या विषयात आहे, म्हणून सवडीने का होईना, शेवटपर्यंत वाचा.

परवा भोसरीत जे ब्लॉकबाहेर चहाच्या टपरीवर बसलो होतो. सीएनसी मशीनवर काम करणारा एक पोरगा, मूळचा जुन्नरकडचा, मोबाईलवर पगाराची स्लिप बघत होता. मला म्हणाला, "दादा, तुम्ही पत्रकार ना? हे पीटीचे दोनशे रुपये नक्की कशाचे कापतात? पीएफ कळतो. हे कुणाला जातात?"

मी म्हणालो, "सुरू झाले तेव्हा तुझ्या गावच्या कामासाठी सुरू झाले. रस्ता, बंधारा, तलाव."

तो हसला. "मग रस्ता कुठंय?"

याचं उत्तर चहा संपेपर्यंत देता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

गावच्या रस्त्याचा इतिहास म्हणजे खरं तर 'पैसे कुणाच्या खिशातून आले' याचा इतिहास. सुरुवात शेतकऱ्यापासून होते. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात इंग्रज सरकारने शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा जादा पट्टी लावली. त्यातले दोन भाग रस्त्यांसाठी आणि एक भाग शाळांसाठी ठेवायची पद्धत होती. पुढे लोकल बोर्डं आली, त्यांचा कारभार याच पट्टीवर चालला. पण जमा होणारी रक्कम ती किती? त्यात आधी झाले ते बाजारपेठेला आणि रेल्वे स्टेशनला जोडणारे रस्ते. वाडीवस्तीला राहिली ती पाणंद, पावसाळ्यात गुडघाभर चिखल.

दुसरा खिसा मोटारवाल्याचा. पुण्यात शिकलेल्या प्रत्येकाला विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय माहीत आहे. ज्यांच्या नावाने ते आहे ते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पण त्याआधी, १९२७ साली, देशाच्या रस्त्यांसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. समितीने स्पष्ट सांगितलं की रस्ते बांधणं हे आता प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या आर्थिक ताकदीबाहेर गेलं आहे, देशाने भार उचलावा. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. आज पंपावर पेट्रोल भरताना आपण जो रस्त्याचा सेस देतो, त्याचं मूळ या मराठी माणसाच्या अहवालात आहे.

त्यानंतर १९४३. महायुद्ध चालू होतं आणि देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. तिथे वीस वर्षांची योजना ठरली, ती 'नागपूर योजना'. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही जी उतरंड आपण आजही वापरतो, ती तिथली. शेतीच्या चांगल्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब राहू नये, असं कागदावर आलं. १९६१ नंतरच्या वीस वर्षांसाठीच्या 'मुंबई योजने'त हेच अंतर पक्क्या रस्त्यापासून ४ मैलांवर आणलं.

म्हणजे बघा, स्वातंत्र्याच्या आधीच गावाला रस्ता हवा हे मान्य होतं. बांधायचा कुणी आणि सांभाळायचा कुणी, हा प्रश्न राहिला.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग त्यांच्याकडे, त्यावरचे प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. याच वर्षी १ ऑगस्टला एमआयडीसीची स्थापना झाली. या योगायोगाचा मी नेहमी विचार करतो. त्या वेळी भोसरी हे एक गावच होतं. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डीबरोबर ते नगरपालिकेत गेलं, १९८२ ला महापालिका झाली. कारखाने आले, रुंद रस्ते आले. आणि त्या रस्त्यांवरून जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पुढे मराठवाड्यातून माणसं आली. ती का आली? बऱ्याच जणांच्या घरात उत्तर एकच आहे. बहात्तरचा दुष्काळ.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. आजी सांगायची, त्या वर्षी विहिरीला तळ दिसला आणि सगळं गाव खडी फोडायला गेलं. बायका डोक्यावर घमेलं, पोटाशी पोर. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. राज्यभरात मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आज आपण ज्या रस्त्यांनी गावी जातो, त्यातल्या कितीतरी रस्त्यांची पहिली आखणी त्या वर्षी, त्या हातांनी झाली आहे. आमच्या गावाला जोडणारा रस्ता तोच. आजी त्याला शेवटपर्यंत 'आमचा रस्ता' म्हणायची, आणि ते खरंच होतं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात दुष्काळाच्या आधीपासून एक विचार होता. ज्याला काम हवं त्याला सरकारने काम दिलंच पाहिजे, उपकार म्हणून नाही तर हक्क म्हणून. तासगाव तालुक्यात विसापूरला त्याचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने त्याची गरज सगळ्या राज्याला पटली. यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमी कायदा केला, त्याचा नमुना हाच.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. हमी द्यायची तर पैसा हवा. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. शहरात ज्यांना नियमित पगार आहे, त्यांनी थोडं द्यायचं, तेवढीच रक्कम सरकारने त्यात घालायची आणि त्यातून गावात काम काढायचं. सुरुवातीला घटनेनेच या करावर वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती, १९८८ मध्ये ती २,५०० झाली. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० हा हिशेब त्या २,५०० चा आहे. भोसरीच्या कारखान्यात लेथवर उभ्या असलेल्या माणसाने शिरूरच्या माळावर खडी फोडणाऱ्या आपल्याच आईची हजेरी भरायची, अशी ती व्यवस्था होती. मला विचाराल तर या राज्याने केलेल्या चांगल्या करारांपैकी हा एक.

पण मग रस्ता का टिकला नाही?

लोक सरळ भ्रष्टाचाराचं नाव घेतात. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' ही म्हण उगाच पडली नाही. खोटी हजेरीपत्रकं मीही पाहिली आहेत. पण फक्त चोरी हे पूर्ण उत्तर नाही. योजनेचा नियमच असा होता की किमान ६० टक्के खर्च मजुरीवर व्हायला हवा. ते बरोबरही होतं, कारण योजना मजुरासाठी होती, रस्त्यासाठी नाही. पण ४० टक्क्यांत डांबर, रोलर, मोऱ्या हे सगळं कसं बसणार? त्यामुळे मातीकाम व्हायचं, खडी पसरायची आणि पुढचं काम 'नंतर'. ते नंतर कधी यायचंच नाही. दोन पावसाळ्यांत मोरी नसलेल्या जागी पाणी रस्ता कापून न्यायचं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी तेच काम पुन्हा निघायचं.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. आता चौथा खिसा, डिझेलवाल्याचा. डिझेलच्या सेसमधला निम्मा वाटा गावच्या रस्त्यांना. सपाट भागात ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागात २५० लोकवस्तीपर्यंत बारमाही रस्ता, असं उद्दिष्ट. २०१५ मध्ये राज्याने त्याच धर्तीवर मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली. केंद्राच्या योजनेचा चौथा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला.

या योजनेतली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट किलोमीटर नाहीत. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच पुढची पाच वर्षं तो सांभाळायचा, ही अट करारातच घातली गेली. रस्त्याच्या कडेच्या फलकावर खर्च, लांबी, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची रक्कम वर्षनिहाय लिहिलेली असते. आपण त्या फलकासमोर एसटीची वाट बघत उभे राहतो आणि तो वाचत नाही.

देखभाल ही काही नवी कल्पना नव्हती. चाळिशी ओलांडलेल्यांना मैलकुली आठवत असतील. ठरलेल्या टप्प्यावर फावडं, घमेलं घेऊन फिरणारी माणसं. मोठं काम काहीच करायची नाहीत. पावसाच्या आधी गटार मोकळं कर, साइडपट्टीवर मुरूम टाक, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढ, छोटा खड्डा छोटा असतानाच बुजव. डांबरी रस्त्याचा खरा शत्रू गाडी नाही, साचलेलं पाणी आहे, हे त्यांना कुणी पुस्तकात शिकवलं नव्हतं. हळूहळू ते निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत. एका माणसाच्या फावड्याचं काम आता दर काही वर्षांनी लाखोंच्या निविदेने होतं.

माझ्या गावचं सांगतो. 'आमच्या रस्त्या'वर अखेर डांबर पडलं तेव्हा आजी नव्हती, आई मात्र चालत जाऊन बघून आली. पाच वर्षं रस्ता खरंच चांगला राहिला. सहाव्या पावसाळ्यात ओढ्याजवळ खचला. मी एका कार्यालयात गेलो. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मुदत संपली, आता तो आमच्याकडे नाही." दुसरीकडे गेलो तर म्हणाले, "आमच्याकडे अजून वर्ग झालेला नाही." म्हणजे रस्ता जमिनीवर होता, कागदावर कुणाचाच नव्हता. दोन पावसाळे असे गेले. संध्याकाळची गाडीची फेरी बंद झाली. चुलतभावाची मुलगी अकरावीत होती. शेवटी ती भोसरीला आमच्याकडे राहायला आली. आमच्याकडे जागा होती म्हणून. तिच्या दोन मैत्रिणींचं कॉलेज सुटलं.

एक खचलेली मोरी इतकं करू शकते.

याच्या उलटही सांगायला हवं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकामुळे. त्याला रोजचं गाव दिसलं नाही. त्या डोंगरात रस्ता आणि रोजची गाडी नसती तर कळायला आणखी किती वेळ लागला असता, विचार करा.

आता आपल्या पट्ट्याचं. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, वासुली. इथले कित्येक आतले रस्ते मुळात गावरस्ते म्हणून आखलेले. ग्रामीण रस्त्याचं डांबर साधारण पावणेचार मीटर रुंद असतं आणि जाडी हलक्या वाहतुकीच्या हिशेबाने ठरते. ट्रॅक्टर, एसटी, दुधाची गाडी. आज त्यावरून कंटेनर आणि भरलेले डंपर जातात. रस्तेबांधणीत एक जुना हिशेब आहे. आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं. म्हणजे एक जादा भरलेला डंपर दिवसभराच्या दुचाक्यांनी, मोटारींनी मिळून होणार नाही इतकं नुकसान एका फेरीत करतो. अशा रस्त्यावर पुन्हा पुन्हा डांबराचा थर टाकणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं. तिथे रस्त्याचा दर्जाच बदलायला हवा, आणि ज्या वाहतुकीमुळे तो फुटतो तिने खर्चात वाटा द्यायला हवा. शेतकऱ्याने दिला, मोटारवाल्याने दिला, पगारदाराने दिला, डिझेलवाल्याने दिला. मग जादा माल भरणाऱ्याने का नाही?

शेवटी काय करायचं? मोर्चा काढा असं म्हणत नाही. तीन साध्या गोष्टी.

एक, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा रस्त्याच्या फलकाचा फोटो काढा. काम पूर्ण झाल्याची तारीख बघा आणि त्यात पाच मिळवा. ते वर्ष यायच्या आधी जागे व्हा, नंतर नाही.

दोन, ग्रामसभेत नवीन रस्ता मागण्याआधी विचारा की जुना रस्ता आज कुणाच्या ताब्यात आहे आणि ३०५४ या देखभालीच्या लेखाशीर्षातून त्याला या वर्षी किती मिळाले. हा आकडा तोंडपाठ करा. ३०५४. नवीन कामाचा नारळ फोडायला सगळे येतात, या आकड्याचं नाव कुणी काढत नाही.

तीन, पावसाळ्याच्या आधी मोऱ्या आणि गटारं साफ झाली की नाही, एवढं बघा. मे महिन्यात. जुलैमध्ये बघून उपयोग नाही.

त्या जे ब्लॉकच्या पोराला सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. बाबा रे, ते दोनशे रुपये वाया गेले असं समजू नकोस. त्या पैशाने तुझ्या-माझ्या आजीच्या घरात एका वाईट काळात चूल पेटली. पण आपण वर्षाला अडीच हजार भरतो, आणि भरणाऱ्याला विचारायचा हक्क असतो. तो हक्क मात्र आपण आजवर वापरला नाही.

तुमच्या गावचा रस्ता कोणत्या वर्षी, कोणत्या योजनेतून झाला आणि आज कसा आहे, लिहून कळवा. बहात्तर साली त्यावर खडी फोडलेलं कुणी घरात असेल तर आधी त्यांना विचारा. ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.