टांका : राजस्थानातील घरगुती जलसंचय

टांका : पावसाचे पाणी साठविण्यासाठी थरच्या वाळवंटी प्रदेशात घराच्या अंगणात किंवा शेतात जमिनीखाली बांधण्यात येणारा बंदिस्त हौद. बिकानेर व चुरू या भागांत त्यास ‘कुंड’ असेही म्हणतात. सह्याद्रीतील किल्ल्यांवर खडकात खोदलेल्या टाक्यांशी त्याचे नामसाम्य आहे. मात्र ती टाकी गडावरील शिबंदीसाठी असत, तर टांका बहुधा एकाच कुटुंबाचा असतो.

जैसलमेर परिसरात वार्षिक पर्जन्यमान सरासरी २०० मिमी.हून कमी असून तो पाऊस मुख्यत्वे जुलै ते सप्टेंबर या काळात थोड्याच दिवसांत पडतो. भूजल खोल आणि अनेक ठिकाणी खारे किंवा फ्ल्युओराइडयुक्त असते. त्यामुळे पावसाच्या गोड पाण्यास, म्हणजे ‘पालर’ पाण्यास, येथे विशेष मोल आहे. १ चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. पाऊस पडला, की १ लिटर पाणी मिळते. या हिशेबाने १०० चौ. मी. छपरावर २०० मिमी. पावसाचे २०,००० लि. पाणी पडते, गळती व बाष्पीभवन यांमुळे हाती येणारे पाणी त्याहून कमी असते.

शहरांतील घरांत गच्चीचे पाणी नळीने टांक्यात उतरवितात. खेड्यांत टांक्याभोवतीची जमीन चोपून उतरती करतात. तिला ‘आगोर’ म्हणतात. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून स्वच्छ करतात व पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आत येऊ देत नाहीत. हौदाला आतून चुन्याचा गिलावा देतात, वरून झाकण घालतात आणि पुष्कळदा त्यास कुलूपही लावतात.

जोधपूरचे राजे सूरसिंह (कार. १५९५–१६१९) यांनी १६०७ मध्ये बांधविलेला टांका हा ज्ञात टांक्यांपैकी सर्वांत जुना मानला जातो. १८९९–१९०० (विक्रम संवत् १९५६) मधील ‘छप्पनिया’ दुष्काळाने या पद्धतीची मर्यादाही उघड केली. टांका कोरडे महिने निभावून नेतो. पाऊसच चुकला, तर तोही रिता राहतो.

स्वातंत्र्योत्तर काळात जोधपूर येथील केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने (स्थापना १९५९) २१,००० लि. क्षमतेचा सुधारित टांका विकसित केला. सहा माणसांच्या कुटुंबास त्यातून वर्षभर दरडोई दररोज सु. ९ लि. पाणी मिळू शकते. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या इंदिरा गांधी कालव्यामुळे व नळयोजनांमुळे अनेक गावांत आगोर दुर्लक्षित झाले. काही टांके टँकरचे विकतचे पाणी साठविण्यापुरतेच उरले. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाखाली (२००५) बारमेरसारख्या जिल्ह्यांत पुन्हा टांके बांधले गेले. ते बांधून देणे शासनास शक्य आहे; आगोर राखण्याचे व पाणी मोजून वापरण्याचे काम मात्र कुटुंबाचेच राहते. विशेषतः दूरवरून पाणी आणणाऱ्या स्त्रियांचे श्रम त्यावर अवलंबून असतात.