केल्सोचा फुलबॅक

वॉल्टर टॉरी फॉरेस्ट हे नाव आपल्याकडे कुणी ऐकले असण्याचे कारण नाही. मलाही ते गाझाचा इतिहास वाचतानाच भेटले. गाझा म्हणजे इमाम शाफई यांचे जन्मगाव. एवढीच आपल्यापैकी अनेकांची ओळख. पण १९१७ साली तिथे एक रग्बीपटू मारला गेला, त्याची ही हकीकत.

फॉरेस्टचा जन्म १८८० चा, स्कॉटलंडच्या ट्वीड नदीकाठच्या केल्सो गावचा. १९०३ ते १९०५ मध्ये तो स्कॉटलंडकडून आठ सामने खेळला. जागा फुलबॅकची, म्हणजे बाकी सगळे चुकले की ज्याच्या अंगावर येते तो. १९०३ मध्ये वेल्स, आयर्लंड आणि इंग्लंड या तिघांनाही हरवणाऱ्या संघात तो होता.

युद्धात तो किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्सच्या चौथ्या बटालियनचा अधिकारी. ही टेरिटोरियल फौज, आसपासच्या गावांतली माणसे एकत्र. अशी पलटण पडली की एकाच दिवशी गावोगावी मातम. १२ जुलै १९१५ ला गॅलिपोलीत तेच घडले. तुर्कांच्या खंदकांच्या तीन रांगा घ्या, असा हुकूम होता. दोन मिळाल्या. नकाशावरची तिसरी जमिनीवर नव्हतीच! ती शोधत माणसे उघड्यावर पुढे गेली आणि निम्म्याहून अधिक बटालियन कामी आली किंवा जखमी झाली. नकाशा काढणाऱ्याचे काय झाले, हे इतिहासाची पुस्तके सहसा सांगत नाहीत.

उरलेली पलटण इजिप्तमार्गे, सिनाईचे वाळवंट ओलांडून गाझासमोर आली. मार्चचा पहिला हल्ला फसला होता. १७ ते १९ एप्रिलच्या दुसऱ्या हल्ल्यात इंग्रजांनी आठ रणगाडे आणले, विषारी वायूचे गोळेही. तरी खलिफाच्या फौजेने त्यांना रोखले. इंग्रजांचे सहा हजारांवर सैनिक मेले, जखमी वा बेपत्ता झाले. १९ एप्रिलला मेजर फॉरेस्ट, मिलिटरी क्रॉसचा मानकरी, वय ३६, ठार झाला.

वर्गात ही लढाई शिकवताना मुले विचारतात, ‘सर, आपण कुणाच्या बाजूने?’ उर्दूच्या तासाला उत्तर सोपे वाटते. पण इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानी मुसलमान शिपाईही होते, हे सांगितले की वर्ग गप्प होतो.

गाझा पडले नोव्हेंबरमध्ये. त्या वर्षीच्या गोळाफेकीत शहरातली जुनी उमरी मशीद उद्ध्वस्त झाली. ती पुढे पुन्हा बांधली गेली. शहरात इंग्रजांनी दफनभूमी केली. तिथे पहिल्या महायुद्धातल्या तीन हजारांवर कबरी आहेत आणि त्यांतल्या शेकडोंवर नाव नाही.