दुर्बिणीच्या स्क्रूवरचा थेंब

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरच्या कोरड्या मुलखात ऊस आणला, उसामागून साखर कारखाने आले, आणि इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी वसविलेल्या वालचंदनगरात तर यंत्रनिर्मितीचे कसब असे रुजले की, पुढे इस्रोच्या प्रक्षेपकांची मोटर-कवचे तेथे घडली. यंत्राबरोबर कंपन येते आणि कंपनाबरोबर नट ढिला होणेही. त्याच्या बंदोबस्तासाठी चेकनट, स्प्रिंग वॉशर, स्प्लिट पिन हे जिन्नस कारागिरांजवळ पूर्वापार आहेत. रायफलीवर दुर्बीण बसविणाऱ्याला मात्र त्यांचा उपयोग नाही. बैठकीचे स्क्रू इवलेसे, पिनेला जागा नाही, आणि प्रत्येक बाराचा आघात थेट त्यांच्यावर. तेथे आट्यांवर लावलेला चिकटद्रव्याचा एक थेंब कामी येतो.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 1940च्या दशकात एक द्रव्य सिद्ध झाले होते, जे हवेच्या सान्निध्यात पातळ राही आणि हवा तुटताच घट्ट होई. त्यात अखंड हवा सोडीत राहावे लागत असल्याने ते व्यवहारात मागे पडले. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांना ही हकीकत त्याच कंपनीत काम करणाऱ्या मुलाकडून कळली, आणि साठी उलटलेल्या या गृहस्थांनी 1953 साली बाटलीत टिकेल असे द्रव्य साधले; 1956 पासून ते ‘लॉकटाइट’ या नावाने सर्वांसमोर आले. ज्या उपद्रवापायी इतरांनी हात टेकले, त्यालाच त्यांनी उपयोगाचे मूळ ठरविले, आणि या शोधाचे सारे थोरपण मला त्यातच दिसते. आट्यांच्या फटीत प्राणवायू उरत नाही, धातूचे आयन क्रियेला गती देतात, आणि द्रवाचे कठीण प्लास्टिक होऊन फट भरून निघते. बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते, ती आतल्या द्रव्याला हवा मिळत राहावी म्हणूनच.

दुर्बिणीच्या कामी आटे आधी तेलविरहित पुसावेत आणि बैठकीच्या स्क्रूंना मध्यम पकडीचे निळे द्रव्य लावावे. लाल लावल्यास ते सोडविण्यास सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांच्या स्क्रूंना मात्र हे द्रव्य लावण्यास अनेक उत्पादकांची मनाई आहे, कारण ओल्या आट्यांत घर्षण घटते, तेवढ्याच पिळाने स्क्रू अधिक आवळला जातो आणि दुर्बिणीची नळी चेपते.

1997 साली लॉकटाइट कंपनी जर्मनीच्या हेन्केलकडे गेली, आणि त्याच हेन्केलचा चिकटद्रव्यांचा कारखाना 2020 साली शेजारच्या दौंड तालुक्यात, इंदापूरहून पुण्यास जाणाऱ्या महामार्गावरील कुरकुंभ येथे सुरू झाला.