जहाजावरील औपचारिक पोशाख आणि हैदराबादची शेरवानी

समुद्रपर्यटनाचे तिकीट हाती येते, तेव्हा त्यासोबतच्या सूचनापत्रात 'फॉर्मल नाइट' असे दोन शब्द असतात आणि पुरुष प्रवाशांपैकी अनेकांना तेथेच अडखळायला होते. डोळ्यांपुढे उभा राहतो तो काळा डिनर जॅकेट आणि गळ्याशी बो. असा पोशाख घरात नसतो, आयुष्यात पुन्हा लागण्याची शक्यताही नसते. मग कोणी तो भाड्याने आणतो, कोणी घाईघाईने विकत घेतो आणि त्या संध्याकाळी परक्या कपड्यांत अवघडून बसतो. वास्तविक औपचारिक पोशाखाची एक परिपूर्ण परंपरा आपल्या देशातच आहे. समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसलेल्या हैदराबादने ती जोपासली. बंद गळ्याची, गुडघ्यापर्यंत पोहोचणारी शेरवानी हे त्या परंपरेचे नाव.

मुंबई-गोवा सागरी मार्गावर २०१८ मध्ये 'आंग्रिया' आणि २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' ही पर्यटक जहाजे सुरू झाली आणि हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबांपर्यंत पोहोचला. गोमंतकाला तो तसा नवा नाही. येथील तारवटींच्या कित्येक पिढ्यांनी परदेशी जहाजांच्या भोजनगृहांत सेवा बजावली. कोणत्या संध्याकाळी कोणता पोशाख शोभतो, हे त्यांनी जवळून पाहिले. फरक एवढाच की, काल जे वाढत होते, त्यांची मुले आणि नातवंडे आज त्याच मेजावर पाहुणे म्हणून बसू लागली आहेत.

'औपचारिक' म्हणजे नेमके काय?

ज्याला आपण टक्सिडो म्हणतो, तो मुळात औपचारिकता कमी करण्यासाठी जन्मलेला कोट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने, लांब शेपटीच्या कोटाऐवजी आखूड जॅकेट शिवून घेतले, असे मानले जाते. अमेरिकेत ते न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वसाहतीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. बड्या प्रवासी जहाजांच्या काळात रात्रीच्या भोजनासाठी हाच पोशाख रूढ झाला आणि तेथून तो आजच्या पर्यटक जहाजांवर आला.

आजचे नियम तेवढे कडक राहिलेले नाहीत. साधारणतः सात रात्रींच्या सफरीत एक किंवा दोन औपचारिक संध्याकाळी असतात. त्या वेळी मुख्य भोजनगृहात गडद रंगाचा सूट किंवा डिनर जॅकेट अपेक्षित असतो. अर्धी चड्डी, बनियनवजा टी-शर्ट आणि रबरी चपला यांना तेथे प्रवेश नसतो. परंपरा जपणाऱ्या कंपन्यांच्या नियमांतही 'औपचारिक राष्ट्रीय पोशाख' मान्य असतो. स्कॉटिश माणसाचा किल्ट ज्या न्यायाने चालतो, त्याच न्यायाने भारतीयाची शेरवानी चालते. भारतीय किनाऱ्यावरील दोन-चार रात्रींच्या सफरींत बहुधा असे बंधनही नसते. तरीही तिकीट घेताना त्या जहाजाची पोशाखविषयक सूचना वाचून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

दरबारातून विद्यापीठाकडे

युरोपीय फ्रॉक कोटाचा सुबक बांधा आणि हिंदुस्थानी अंगरख्याची लांबी यांच्या संयोगातून एकोणिसाव्या शतकात शेरवानी आकाराला आली. उभी कॉलर, समोर गळ्यापासून कमरेपर्यंत बटणांची ओळ, कमरेशी किंचित आवळलेला आणि खाली सैलावणारा घेर, आत अस्तर, ही तिची ठळक वैशिष्ट्ये. निजामाच्या दरबारात शेरवानी, डोक्यावर दस्तार आणि कमरेला 'बगलूस' नावाचा बकलाचा पट्टा असा रिवाज होता. दरबाराबाहेर दस्तारच्या जागी तांबडी रूमी टोपी येई.

सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) यांचा कपड्यांचा शौक विख्यात होता. हैदराबादच्या पुरानी हवेलीत त्यांचे सागवानी कपाट आजही पाहायला मिळते. ते कपाट कसले, सुमारे १७६ फूट लांबीचे दुमजली दालनच. त्यांचे पुत्र आणि अखेरचे निजाम मीर उस्मान अली खान हे याच्या अगदी उलट. जगातील सर्वांत श्रीमंत माणसांत गणना होऊनही ते जुनी, विटलेली शेरवानी वापरत राहिले. पित्याच्या वैभवाला आणि पुत्राच्या काटकसरीला एकच वस्त्र पुरे पडले, यातच शेरवानीचे सामर्थ्य दिसते. कापड उंची असो की साधे, तिची औपचारिकता तिच्या बांध्यात असते.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि शेरवानी तेथील विद्यार्थ्यांचा गणवेश बनली. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात असल्याने तेथे शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या अंगावरही ती आली. जे वस्त्र उमरावांचे होते, ते वकील, शिक्षक, कारकून यांचे झाले. स्वतंत्र भारतात पंडित नेहरूंच्या अचकनमुळे या घराण्यातील कोटाला राजशिष्टाचारात स्थान मिळाले. हैदराबादेत जन्मलेले राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांची तर शेरवानी ही ओळखच होती.

मराठवाड्याचे हिमरू

हैदराबादच्या या पोशाखात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. उमरावांच्या उंची शेरवानींसाठी लागणारे हिमरू कापड औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विणले जाई. किनखापासारखी श्रीमंती दिसावी, पण वजन आणि किंमत आवाक्यात राहावी, यासाठी कापसाच्या ताण्यावर रेशमाचा बाणा टाकून त्यात वेलबुट्टी उठवण्याची ही कला. नक्षीचे मोकळे धागे मागच्या बाजूने फिरत असल्याने हिमरूला मऊपणा येतो. त्याच कारणाने त्याला अस्तर अनिवार्य ठरते.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. विणकर एका राज्यात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. दरबार संपला, शेरवानी रोजच्या वापरातून लग्नमंडपापुरती उरली आणि यंत्रमागावरील नकलांनी हातमागाची बाजारपेठ खाल्ली. आज हातमागावर हिमरू विणणारी घराणी मोजकीच आहेत. औपचारिक पोशाखाची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नसतो. ज्या पोशाखाला गिऱ्हाईक उरत नाही, त्यामागची कारागिरीही उरत नाही.

शेरवानी, अचकन की बंद गळ्याचा कोट?

बाजारात ही नावे सरमिसळ वापरली जात असली, तरी निवडीपुरता फरक सोपा आहे. शेरवानी लांब, अस्तराची, भारदस्त असते. अचकन तुलनेने हलकी आणि सरळ बांध्याची असते. बंद गळ्याचा कोट, ज्याला जोधपुरी म्हणतात, तो सुटाच्या कोटाएवढाच आखूड असून पँटवर घातला जातो.

सफरीत एकच औपचारिक संध्याकाळ असेल आणि सामान कमी ठेवायचे असेल, तर काळा किंवा गडद निळा बंद गळ्याचा कोट सर्वांत व्यवहारी ठरतो. पुढे लग्नसमारंभांत तोच उपयोगी पडतो, शिवाय टाय-बोचा प्रश्नच उरत नाही. लांब सफर असेल आणि औपचारिक संध्याकाळी दोन असतील, तर एका दिवशी साधी शेरवानी अवश्य घालावी. मात्र ती नवरदेवाची शेरवानी नसावी. जरदोजी, खडे आणि मोत्यांनी भरलेला कोट मांडवात शोभतो. जहाजाच्या भोजनगृहात तो औपचारिक न वाटता उत्सवी वाटतो. हैदराबादची अस्सल रोजची शेरवानी एकरंगी होती, हे येथे लक्षात ठेवावे. हिमरूची हौस असेल, तर संपूर्ण कोट न शिवता त्याचे जाकीट शिवावे किंवा खांद्यावर हिमरूची शाल घ्यावी.

खाली चुडीदार घालावा की सरळ पायजमा, हा आवडीचा भाग आहे. मात्र सडपातळ नसलेल्या आणि दोन तास मेजाशी बसायचे असलेल्या पुरुषाला सरळ पायजमाच सुखाचा. पायांत काळे बंद बूट घालावेत. गुळगुळीत तळाची मोजडी डोलणाऱ्या जहाजावर, विशेषतः ओल्या डेकवर आणि जिन्यांवर, धोक्याची ठरू शकते.

कापड आणि शिलाई

जहाजावर दोन हवामाने एकत्र नांदतात. आत वातानुकूलित थंडी, बाहेर दमट खारा वारा. म्हणून मध्यम वजनाचे लोकरी किंवा टेरीवूल कापड उत्तम, कारण ते चुरगळले तरी टांगून ठेवल्यास बरेचसे सावरते. लिनन देखणे खरे, पण पहिल्याच बैठकीत त्याला चुण्या पडतात. मखमल डेकवर उकडते. रेशमावर दमट हवेचे आणि पाण्याच्या थेंबांचे डाग उमटतात, तर खऱ्या चांदीच्या जरीला खारी हवा काळवंडवते.

हैदराबादेत शिवून घ्यायचे असल्यास चारमिनारच्या परिसरातील पत्थरगट्टीची बाजारपेठ आणि लगतच्या गल्ल्या कापड, शेरवानी व तयार पोशाखांसाठी प्रसिद्ध आहेत. लग्नसराईत शिंप्यांवर कामाचा ताण असतो. तेव्हा मापे देणे, एक ट्रायल आणि अखेरची दुरुस्ती यांसाठी पुरेसा अवधी हाती ठेवावा. तपासायच्या जागा चार. कॉलर बंद केल्यावर गळा आणि कॉलर यांत एक बोट सहज जावे. खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर यावी. हात पुढे करून जेवणाची कृती केली, तर मुंढ्यात ओढ बसू नये. आणि सर्व बटणे लावून खुर्चीवर बसल्यावर पोटापाशी कापड ताणले जाऊ नये. कॉलरमधले बकरम ताठ, पण गळ्याला न टोचणारे असावे.

सामान बांधताना

आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर प्रवाशांना स्वतःची इस्त्री नेता येत नाही. म्हणून कोट उलटा करून, खांद्यांत मऊ कागद भरून, शक्य तितक्या कमी घड्या घालून ठेवावा आणि खोलीत पोहोचताच टांगावा. औपचारिक संध्याकाळ कधीकधी प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी असते. त्यामुळे तो पोशाख हातातल्या पिशवीत असलेला बरा. मोठ्या बॅगा खोलीत उशिरा पोहोचतात.

या शेवटच्या सूचनेमागे एक प्रसिद्ध फजिती आहे. सप्टेंबर १८८८ मध्ये तरुण मोहनदास गांधी मुंबईहून जहाजाने विलायतेला निघाले. प्रवासात त्यांनी काळा सूट वापरला आणि उतरताना शोभावा म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला. जहाजातून उतरले, तेव्हा सप्टेंबरअखेरच्या त्या थंडीत तसे पांढरे कपडे घातलेले ते एकटेच होते. बाकीचे सामान किल्ल्यांसह एजंटाकडे गेलेले, त्यामुळे कपडे बदलण्याचीही सोय नव्हती. आत्मकथेत त्यांनी ही लाज प्रांजळपणे नोंदवली आहे.

त्रेचाळीस वर्षांनंतर, डिसेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषद आटोपून तेच गांधीजी 'पिल्स्ना' या जहाजाने मुंबईला परतले. त्याच जहाजावर निजामाचे दोन राजपुत्र, आझम जाह आणि मुअज्जम जाह, फ्रान्समधील नीस येथे झालेल्या विवाहानंतर आपल्या तुर्की राजघराण्यातील वधूंसह हैदराबादकडे निघाले होते. एकीकडे जगातील सर्वांत धनाढ्य घराणे आणि दुसरीकडे पंचा नेसलेले, त्याच वेशात नुकतेच बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन आलेले गांधीजी. या खेपेला त्यांना कपड्यांची लाज वाटण्याचे कारण उरले नव्हते.

प्रत्येकाला गांधीजींचे धैर्य साधणार नाही, आणि यजमानाचा नियम पाळणे हाही शिष्टाचारच आहे. पण तो नियम परक्या पोशाखातच पाळला पाहिजे असे नाही. नीट बेतलेला, एकरंगी, बंद गळ्याचा कोट जहाजाच्या मेजावर कोणत्याही डिनर जॅकेटच्या शेजारी मानाने बसतो. घरी परतल्यावरही तो कपाटात पडून राहत नाही.